खांडीची पट्टी

आमच्या साइट ऑफिसात दारासमोरच्या भिंतीवर चार्ट लावलेला असे. कामाच्या प्रत्येक भागाला दोन पट्ट्या. वरची निळी, म्हणजे आपण काय म्हणालो होतो. खालची हिरवी, म्हणजे खरोखर काय झालं. निळी संपली तिथे हिरवी संपली नाही, तर पुढचा तुकडा लाल. शाळेत न गेलेल्या माणसालाही कळावं असं ते काम होतं, आणि कळायचंही. गावातली माणसं हायवेला भाजी विकून परत जाताना शेडमध्ये डोकावत, लाल किती लांबलाय ते बघत आणि मला चार शब्द ऐकवून जात.

काम खाडीच्या बांधाचं होतं. खारमाळ हे माझं माहेर. तीन पावसाळ्यांपूर्वी एका मोठ्या भरतीला गावचा बांध फुटला, भलीमोठी खांड पडली आणि गावाची सगळी खारजमीन खाडीच्या ताब्यात गेली. आता बांध नव्याने घालायचा, शेतातलं पाणी बाहेर सोडायला नवी उघाडी बांधायची, तिला झडपा बसवायच्या आणि सगळ्यात शेवटी खांड बुजवायची. ऑफिस गडबला हायवेलगत, पत्र्याच्या शेडमध्ये. मी रोज रोह्याजवळच्या वरशाहून एसटीने येत असे. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, आमची बनू दीड वर्षांची, ती दिवसभर सासूबाईंकडे. डिप्लोमा करून मिळालेली ही दुसरी नोकरी, तीही वर्षाच्या कराराची. माहेरच्या बांधाचं काम आपल्या हातून होणार, याचा मला आनंद होता. तो मी साहेबांना कधी सांगितला नाही.

साहेब म्हणजे दिनानाथ राऊत. कंत्राटदाराकडून साइटचे प्रमुख. अलिबागकडचे. त्यांना खाडी शिकवायची गरज नव्हती. खांड वाटेल त्या दिवशी बुजवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणात टाकलेली माती पाण्यात चहातल्या साखरेसारखी विरघळते. अष्टमीच्या आगेमागे भरती मवाळ असते, तिला आमच्याकडे भांग म्हणतात. तेवढ्या दोन-चार दिवसांत काम उरकावं लागतं. म्हणून आम्ही खांडीची निळी पट्टी वैशाख वद्य अष्टमीवर ठेवली होती. तारीख इंग्रजी लिहिली होती, पण गावाने ती अष्टमी म्हणूनच पाठ केली होती. त्यानंतर रोहिणीत धुळीत पेरणी, मग पाऊस. सगळं जुळत होतं.

झडपा आल्या नाहीत. आज येतील, उद्या निघतील असं करत अष्टमीचा आठवडा उजाडला. झडपा नसताना खांड बुजवली तर पाणी उघाडीतून शेतात शिरणारच. तेव्हा काम पुढे गेलं. मी सवयीने लाल पट्टी ओढायला बसले, तर साहेब खुर्ची सरकवून शेजारी आले.

"लाल नको आता, मॅडम. बुधवारी पाहणी आहे. वरचे लोक येतायत."

"मग काय दाखवू?"

"नवीन चार्ट काढा. आजच्या स्थितीवरून. निळी पट्टीच पुढे घ्या सगळीकडे. सहा दिवस."

निळी पट्टीच सरकवली की लाल उरत नाही. उशीर झालाच नव्हता असं होतं. हे सगळीकडे करतात, याआधीच्या नोकरीतही मी बघितलं होतं. मी आकडे बदलले, छापलं, कागद चिकटवले. चिकटवताना बोट खांडीच्या पट्टीवर थांबलं.

"साहेब, सहा दिवस पुढे म्हणजे ही पट्टी अमावास्येवर गेली."

"दिसतंय मला."

"अमावास्येला खांड कशी बुजवणार?"

"नाही बुजवणार. पुढच्या भांगाला बुजवू. ज्येष्ठातल्या." त्यांनी चहाचा ग्लास खिडकीत ठेवला. "चार्ट बघायला येणारे खिशात पंचांग घेऊन येत नाहीत, मॅडम. पाहणी होऊन जाऊ दे. मग पुन्हा एकदा सुधारू. मीही नोकरीच करतोय."

त्यांचं बोलणं उद्धट नव्हतं. झडपांसाठी ते रोज फोनवर ओरडत, घसा बसेपर्यंत. मी जुना चार्ट गुंडाळून कपाटावर ठेवला आणि नवा भिंतीवर लावला. निळं-हिरवं, स्वच्छ.

रविवारी बनूला घेऊन मी माहेरी गेले. त्या दिवशी सप्तमी होती, खाडी अगदी गप्प. खांडीतून पाणी ये-जा करत होतं, पण ओढ नव्हती. बांधावर पोकलेन उभा होता. आणि आत, तीन वर्षं पांढऱ्या पडलेल्या जमिनीत, लोक ढेकळं फोडत होते. इतकी माणसं त्या शेतांत मी बांध फुटल्यापासून पाहिली नव्हती.

आई ओटीवर सूप घेऊन बसलेली. ठमाबाई म्हटलं की गावात अजूनही माणसं आवाज खाली आणतात, अशी माझी आई. तिच्यासमोर राताचं बियाणं पसरलेलं. राता हे आमच्या खाऱ्या जमिनीचं जुनं भात, लाल दाण्याचं. आता गावात ते कुणाकडे राहिलेलं नाही. बांध फुटल्यावर बाकीच्यांनी आहे ते कांडून खाल्लं. आईने तेवढं एक जपलं. दरवर्षी शेजारच्या गावात कुणाच्या तरी शेताच्या कडेला मूठभर लावून, वाढवून, पुन्हा काढून ठेवलं. बी जुनं होऊ दिलं नाही.

बनू दोन्ही हात बियाण्यात घालून बसली. आईने ओरडायच्या ऐवजी तिच्या मुठी उघडून एकेक दाणा काढून घेतला.

"आजीचा भात हाय तो. खाव नको. पेरायचा हाय बेस्तरवारी."

"गुरुवारी कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? रोहिणी लागतेय. खांड आता बंद करतील. आज नाय तर परवा. भांग हाय तवरच करतील नि."

"कुणी सांगितलं?"

"तूच नि गो!" आई हसली. "सरपंचान फोटो टाकलान तुझ्या चार्टाचा. सगल्यांच्या मोबाइलात आला. लाल नाय कुठंच. लाल नाय म्हंजे जेवा सांगतला तेवा काम होनार. अष्टमीला."

शेजारची काशीबाई कुंपणावर हात टेकून उभी होती. ती म्हणाली, "आमी म्हटला, येवढे दिस ती लाल शेपटी वाढवीत होती, आता कापलीन एकदाची. मालू, तुझी आय पेरील तवा आमी पेरनार हा. तुझ्या आयशीपेक्षा कुनाला जास्त म्हाईत असनार?"

नवीन तारीख कुणी वाचलीच नव्हती. वाचायचं कारणच नव्हतं. लाल नाही म्हणजे जुनी अष्टमी कायम, असं सरळ वाचलं होतं सगळ्यांनी. मीच तर त्यांना तसं वाचायला शिकवलं होतं.

काशीबाई गेल्यावर मी आईला आत नेलं. सांगितलं, झडपा आल्या नाहीत. ह्या भांगाला खांड बंद होत नाही. अमावास्येचं उधाण सरळ आत येणार. राता खारटपणा सोसतो, पण त्याच्यावरून खाडीच फिरली तर एक दाणा उरणार नाही.

आईने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मंग फोटोत का नाय?"

"साहेबांनी पट्टी पुढे घ्यायला सांगितली. पाहणी आहे."

"आनि तू घेतलीस."

"घेतली."

"बरा." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मना सांगतलास. त्या पलीकडल्या जनूला सांगतलास? त्यान बी विकत आनलान. काशीन आनलान. त्यांची लेक नाय चार्ट काढीत."

"तू पेरलं नाहीस की तेही थांबतील. तूच बघितलंस ना, काशीमावशी काय म्हणाली."

"थांबतील. नि मंग इचारतील, का गो ठमाबाय, का नाय पेरलास? कं सांगू? माज्या लेकीन खोटा काढलान?"

"सांग, कंबर दुखते."

आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात बनू दारात आली. तिच्या मुठीतून दाणे सांडत होते. आईने तिला उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पेरनार. बेस्तरवारी. माझ्या लेकीन काढलेला चार्ट हाय, मी त्याच्यावर पेरनार. खोटा असल तर तो तू खोटा कर. मी माझ्या तोंडान नाय करनार."

"आये, बियाणं जाईल! परत कुठून आणशील?"

"म्हाईत हाय."

तिला ओळखणाऱ्याला ही धमकी वाटली नसती. ती पेरणार होती. बाबा गेले त्या वर्षी त्यांनी दिलेल्या शब्दासाठी तिने एकटीने बांधाची पाळी राखली होती, रात्रभर, कंबरभर पाण्यात. शब्द तिचा नव्हता, बाबांचा होता. आता तो माझा होता एवढंच.

एसटीत बनू मांडीवर झोपली. तिच्या केसांत राताचा एक तूस अडकला होता. मी तो काढला आणि नागोठण्यापर्यंत बोटांत धरून बसले. नोकरीचा विचार केला. करार जुलैत संपत होता. साहेबांनी नाही म्हटलं तर रोह्यात दुसरं काय मिळेल, त्याचा विचार केला. मग आई धुळीत राता टाकतेय आणि तिच्यामागे सगळं गाव टाकतंय, ते दिसलं, आणि तो पहिला विचार मला पुढे नेता येईना.

घरी सासूबाईंनी बनूला माझ्याकडून घेतलं. त्या फार बोलत नाहीत. "माहेरी कुणाचं बरं नाय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बरं आहे. त्या म्हणाल्या, "मग जेव आधी. तोंड बघ कसं झालंय, करपलेल्या भाकरीवानी."

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, फोटोपासून.

"अहो, मग तुमच्या आईंना सांगा ना, थांबा म्हणावं," ते म्हणाले.

"सांगितलं. ती थांबत नाही."

"का?"

"चार्ट माझा आहे म्हणून."

साहेबांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी कपाळ चोळलं. "गाव पेरणार आणि वर पाणी येणार. बोंब आपल्याच नावाने होईल."

"म्हणून म्हणते, जुनी निळी पट्टी परत लावू. खाली लाल."

"सहा दिवसांचं लाल?"

"सहा दिवसांचं नाही." मी रात्री वहीच्या कागदावर काढून आणलेलं त्यांच्यापुढे ठेवलं. चार्टाच्या तळाशी, तारखांच्या खाली, एक नवीन ओळ घातली होती. तिच्यात फक्त भांगाचे दिवस रंगवलेले. मधले सगळे कोरे. खांडीची पट्टी ह्या रंगवलेल्या चौकटीतच बसू शकते. हा भांग हुकला की सहा दिवसांनी काही होत नाही, सरळ पुढच्या चौकटीत उडी. म्हणजे लाल पट्टी अमावास्येला ओलांडून ज्येष्ठ अष्टमीपर्यंत. आणि तिच्या पुढची चौकट कोरी, कारण तोवर पाऊस.

साहेबांनी कागद हातात घेतला.

"हे असं दाखवलं तर सरळ दिसतं की एकच संधी उरली आहे."

"एकच उरली आहे."

"मला माहीत आहे हो! मला तुम्ही सांगायला नको!" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. शेडमधले दोघे-तिघे बाहेर गेले. "पण हे बुधवारी भिंतीवर दिसलं तर मला तिथल्या तिथे विचारतील, दोन महिने काय झोपला होतात? काय सांगू? बुधवार जाऊ दे. गुरुवारी लावा. मी अडवणार नाही."

"गुरुवारी सकाळी पेरणी आहे."

"गावात तोंडी कळवा."

"कोण कळवणार? तुम्ही येता? सरपंचांसमोर सांगता, की भिंतीवरचं खरं नाही?"

ते उठून बाहेर गेले. हायवेच्या कडेला उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते, बहुधा झडपांसाठीच. परत आले तेव्हा म्हणाले, "चार्टावर 'तयार करणार' म्हणून तुमचं नाव आहे. नको असेल तर काढून टाका. मी माझं एकट्याचं घालतो. माझ्यावर येऊ दे."

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण नाव काढून काय होणार? खारमाळमध्ये त्या कोपऱ्यातलं नाव कुणी वाचलं नव्हतं. चार्ट मालूचा, एवढं त्यांना पुरे होतं.

"नाव राहू दे," मी म्हटलं.

मंगळवारी मी लवकरच्या गाडीने गेले. शेड उघडायला सुरक्षावाला काळुराम होता. त्याला म्हटलं, कागद धर. कपाटावरची गुंडाळी काढली, जुना चार्ट भिंतीवर पसरला. खाली भांगाची ओळ चिकटवली. लाल खडूपेन्सिलीने खांडीची पट्टी ओढत नेली. पट्टी इतकी लांब झाली की कागद संपला आणि दुसरा जोडावा लागला. काळुराम बघत होता.

"मॅडम, येवढा लाल? साहेबांनी सांगतलान?"

"नाही."

"मग मी कागद सोडतो. धरलावता म्हनून नाव नको माझा." त्याने खरंच सोडला. मग कोपरा लोंबायला लागला तसा पुन्हा धरला. "लावा लवकर."

मी मोबाइलवर फोटो काढला. सरपंचांना पाठवला. खाली लिहिलं: 'ह्या भांगाला खांड बंद होणार नाही. अमावास्येला पाणी आत येईल. पेरू नये. – मालती.' पाठवताना अंगठा दोनदा मागे आला.

साहेब दहाला आले. दारातच थांबले. मी टेबलाशी उभी होते. त्यांनी चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला, भांगाच्या ओळीवर बोट ठेवून मोजलं. ते 'काढा' म्हणाले असते तरी मी तो काढला नसता, आणि त्यांनी स्वतः काढला असता तरी फोटो गेलेला होता. हे त्यांनाही कळलं असावं. एवढंच म्हणाले, "विचारायचं होतंत."

"विचारलं होतं."

दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आईचा फोन आला, शेजारच्या मोबाइलवरून.

"फोटो आला गो."

"काय म्हणतायत?"

"कं म्हननार? शिव्या घालतात. जनू बोलतो, आदी कापलीन शेपटी नि आता परत लावलीन, शेतकरी म्हंजे काय खेलना हाय काय. काशी बोलते तुना गावात पाय ठेवून देनार नाय."

"आणि तू?"

"मी राता भरून ठेवला." मागे कुणीतरी मोठ्याने भांडत होतं. आईने फोनच्या बाहेर तोंड करून त्याला गप्प केलं. "पोरगी जेवली काय?"

बुधवारी पाहणी झाली. आलेल्या साहेबांपैकी एक चार्टासमोर चांगलाच वेळ उभा राहिला. दिनानाथ साहेबांना त्याने सुनावायचं ते सुनावलं, सगळ्यांसमोर. झोपला होतात का, हे शब्दही तसेच आले. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. जाताना त्या माणसाने खालच्या ओळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "पुढच्या अष्टमीपर्यंत लोखंडी झडपा नाही आल्या, तर लाकडी फळ्या लावून बंद करा. पण हा चुकवू नका." दुपारी मला सांगण्यात आलं की माझ्या कराराचं जुलैत बघू.

अमावास्येला सुट्टी नव्हती, पण मी मागून घेतली आणि बनूला घेऊन माहेरी गेले. गावात पाय ठेवताना कुणी अडवलं नाही. कुणी 'ये' असंही म्हणालं नाही. दुपारी भरतीच्या वेळी सगळेच जुन्या बांधावर जमले होते, मीही आईशेजारी उभी राहिले. काशीबाई आमच्यापासून दोन माणसं सोडून उभी होती.

पाणी खांडीतून आलं. आवाज न करता आलं, रुंद होत होत पसरलं. फोडलेली ढेकळं आधी काळी पडली, मग दिसेनाशी झाली. जनूचं शेत गेलं, काशीबाईचं गेलं, मग आमचं. आमच्या शेतात आईने ओळी आखून ठेवल्या होत्या. पाणी त्या ओळींतून आधी धावलं आणि मग त्यांच्यावर चढलं. बनूला तेवढी मजा वाटत होती. ती माझ्या कडेवरून पाण्याकडे झेपावत होती आणि प्रत्येक लाटेला टाळ्या पिटत होती.

पलीकडच्या टोकाला दिनानाथ साहेब उभे होते. ते कधी आले कळलं नाही. बुटांना चिखल लागलेला. पाणी स्थिर झाल्यावर ते बांधावरून चालत आमच्यापर्यंत आले. आईला नमस्कार केला. आईने मान हलवली.

"फळ्यांचं माप घेतलंय," ते मला म्हणाले. "उद्यापासून अष्टमीपर्यंतचं सगळं आखून द्या. कुठला माणूस कुठे, माती किती, सगळं. तुम्हीच आखा."

"हो."

ते थोडे घुटमळले. "पेरलेलं होतं का कुणी?"

"नाय," आई म्हणाली. "कुनीच नाय."

साहेब गेले. काशीबाई दोन माणसं ओलांडून आमच्याजवळ आली. माझ्याकडे न बघता तिने बनूला माझ्या कडेवरून उचलून घेतलं, तिचे ओले पाय आपल्या लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "चल गो बाय. तुझी आय हितं रातभर उभी ऱ्हाईल. तुना चा देते."